सा प सा म प सा

गुरुवारच्या भजनाला पुतण्या गिटार घेऊन आला तेव्हा कुणी काही बोललं नाही. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या भजनात कुणीही काहीही घेऊन आलेलं चालतं, एकदा एकजण कॅसिओ घेऊन आला होता आणि तोही दोन अभंग निभावून गेला. पेटीवर अण्णा होते. त्यांनी काळी दोनचा सा दाबून धरला आणि नुसत्या भुवईनं विचारलं, जुळतंय काय. पोरानं खुंट्या उलट्या पिळायला घेतल्या. सहावी तार सैल केली, मग दुसरी, मग पहिली. गिटारच्या पोटातून असा ओलसर, घोगरा आवाज यायला लागला की तबलेवाल्यानं गठ्ठ्यावर मारायची हातोडी तशीच हातात धरली. पोरानं पहिल्या पट्टीवर कॅपोचा चिमटा चढवला आणि सगळ्या तारा मोकळ्या छेडल्या. विठोबाच्या देवळातला तो बुटका हॉल, भिंतीला टेकवलेली सतरंज्यांची गुंडाळी, प्रसादाची स्टीलची परात, सगळं घुमलं. परातीनं तर बारीक साथ पण दिली. ‘तंबोराच लावलास की गा,’ अण्णा म्हणाले. पोरगं खूष. ‘डॅडगॅड म्हणतात ह्याला अण्णा. डेव्ही ग्रॅहमनं काढलं.’ कोण तो? इंग्लंडचा गिटारवाला. जॅझ वाजवायचा, तिकडची लोकगीतं वाजवायचा, ब्लूज, अरबी, आपले राग पण वाजवायचा. अण्णांनी भाता एकदा पुरता दाबून सोडला. ‘ते झालं. पण नेमका कशातला?’

पोराकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नव्हतं.

आमच्या भागात हा प्रश्न नाना तोंडांनी विचारला जातो. घरात काय बोलता, पोरं कुठल्या मिडीयमला, गाव खानापूर तालुक्यातलं की निपाणीकडचं. उत्तर देणारा जरा थबकला की विचारणाऱ्याचा चेहरा बदलतो. त्यामुळं पोराला वाईट वाटलं असणार हे मला कळलं. पण अण्णांच्या प्रश्नाचं मूळ तिथं नाही. ते एका गुरूपाशी वर्षानुवर्षं पलटे घासून तयार झालेले, कुणाला साथ करायची परवानगी मिळायलाच त्यांची तरुणपणातली बरीच वर्षं गेली. पं. रामभाऊ विजापुरे याच गावात पेटी शिकवत होते तेव्हाचा हा माणूस. त्याच्या लेखी वादक म्हणजे कुणाचा तरी असतो, कशातला तरी असतो. गंमत अशी की जी पेटी मांडीशी घेऊन अण्णा हे विचारत होते, ती स्वतःच बाहेरून आलेली. तिचे सूर आपल्या श्रुतींना चिकटत नाहीत म्हणून आकाशवाणीनं १९४० मध्ये तिला दाराबाहेर काढलं होतं ते १९७१ पर्यंत. आज तिच्यावाचून आमचं भजन उभं राहत नाही आणि ती कशातली असं कुणी विचारत नाही.

तर त्या रात्रीपासून मी ग्रॅहम ऐकायला लागलो. आधी मोबाइलवर, मग पुतण्याच्या हेडफोनवर, कारण मोबाइलच्या भोंग्यातून खर्ज येतच नाही आणि या माणसाचं सगळं धन खर्जात आहे. पहिल्यांदा ऐकली ती ‘अँजी’. १९४० साली जन्मलेला हा मुलगा, आई ब्रिटिश गयानाची, वडील स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचे, वाढला लंडनमध्ये. एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास त्यानं ही चीज बांधली, मैत्रिणीच्या नावानं. १९६२ मध्ये ब्लूज गिटारवाल्या अलेक्सिस कॉर्नरसोबतच्या एका छोट्या तबकडीवर ती आली. ऐकायला दोन-अडीच मिनिटांची. खालच्या तारांवर अंगठा एकेक पायरी उतरत येतो, पुन्हा वर जातो, पुन्हा उतरतो. वडगावातल्या मागासारखा, वर कापड कसलं निघतंय याच्याशी देणंघेणं नसल्यागत तो चालतच राहतो. बाकीची बोटं वर काय वाटेल ते करतात, मध्येच ब्लूजमधला एखादा सूर वाकवतात, मध्येच जॅझमध्ये घेतात तशी मागं रेंगाळणारी जागा घेतात. मी पुतण्याला म्हटलं, दोघं आहेत का रे? तो हसला. हा प्रश्न गिटार शिकणारा प्रत्येकजण पहिल्यांदा विचारतो म्हणे.

त्या एका चिजेवर इंग्लंडमधली गिटारवाल्यांची आख्खी पिढी हात बसवत होती. बर्ट जान्शनं ती १९६५ मध्ये आपल्या पहिल्या तबकडीवर घेतली. अमेरिकेचा गायक पॉल सायमन इंग्लंडात राहून गेला होता, त्यानं १९६६ च्या ‘साउंड्स ऑफ सायलेन्स’वर घेतली आणि ती जगभर गेली. ग्रॅहम मात्र तिथं थांबला नाही. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर ‘अँजी’च्या धर्तीवर आणखी वीस बांधून घर बांधलं असतं.

तो निघाला मोरोक्कोला.

तिथं, टँजियरमध्ये, ऊद वाजवणाऱ्यांबरोबर तो बसला. ऊदला पडदे नसतात आणि ते संगीत आपल्यासारखंच एका स्वरावर पाय रोवून चालतं, दर चार मात्रांनी खालची जमीन बदलत नाही. गिटारचा जीव मात्र कॉर्डमध्ये, म्हणजे एकदम छेडलेल्या स्वरांच्या जुडग्यात असतो. नेहमीच्या जुळणीची गिटार घेऊन तुम्ही अशा मंडळींत बसलात की एक तर गप्प बसावं लागतं नाहीतर मध्ये मध्ये लुडबुड करावी लागते. ग्रॅहमनं तिसरा मार्ग काढला. ई-ए-डी-जी-बी-ई या जुळणीतली सहावी, दुसरी आणि पहिली तार एकेक स्वर उतरवली. झालं डी-ए-डी-जी-ए-डी. इंग्रजी अक्षरं सलग वाचून तिकडं डॅडगॅड म्हणायला लागले. आपल्या भाषेत, डीला सा धरला की जाड तारेपासून सा, प, सा, म, प, सा. पुतण्यानं पहिल्या पट्टीवर कॅपो लावला म्हणून तो सा अर्ध्या स्वरानं चढून अण्णांच्या काळी दोनला येऊन बसला, एवढंच त्या रात्रीचं गणित. यातली खरी मेख मला वहीवर लिहिल्यावर कळली. या सहा तारांत गंधार नाही. कोमलही नाही, शुद्धही नाही. पाश्चात्त्यांचं मेजर की मायनर हे त्या एका स्वरावर ठरतं, आणि तोच मोकळ्या तारांतून काढून टाकलाय. वाजवणाऱ्यानं बोट ठेवीपर्यंत वाद्य कुठल्याच बाजूचं नाही. शिवाय मध्यम आणि पंचम अगदी शेजारशेजारी, दोन्ही एकदम छेडले की एकमेकांना घासतात आणि त्या घर्षणातून झणकारा उठतो. देवळातली परात बोलली ती त्यामुळंच असेल.

हा झणकारा मला आधीपासून माहीत होता, आणि तो कुठून हे आठवायला फार वेळ लागला नाही. आमच्या दारात मंगळवारी-शुक्रवारी यल्लम्माच्या जोगत्या यायच्या. एकीच्या डोक्यावर देवीचा जग, दुसरीच्या हातात परडी, आणि मागच्या जोगत्याच्या काखेत चौंडकं. लाकडाचं पोकळ नळकांडं, तळाला ताणलेलं चामडं आणि त्यातून निघून वर खुंटीला गेलेली एकच तार. तार छेडता छेडता दाब कमी-जास्त करायचा, की सूर ओरबाडल्यागत वरखाली होतो. शेजारी तुणतुणं एकाच सुरावर अडून बसलेलं. आई सुपातून जोंधळे घालेपर्यंत गाणं चालायचं, एक कडवं कानडी आणि दुसरं मराठी, मध्ये कुठं सांधा दिसायचा नाही. आम्हा पोरांना त्या आवाजाची भीती वाटायची, आणि आत पळालो तरी दाराआडून ऐकायचोच. सौंदत्तीला पौर्णिमेच्या यात्रेत डोंगरावर असे शेकडो सूर एकात एक मिसळतात, त्यात भंडाऱ्याचा वास, बैलांच्या घामाचा वास, नारळ फुटल्याचा आवाज. ग्रॅहमची ‘माजून’ ऐकताना माझ्या नाकात भंडारा भरला. टँजियरची चव म्हणून त्यानं ती बांधलेली, आणि मला सौंदत्ती दिसतेय. जोगत्याच्या पोटापाण्याच्या वाद्यात आणि लंडनच्या क्लबात वाजणाऱ्या गिटारीत नातं जोडायची घाई मला करायची नाही. पण कान ऐकत नाही, तो जोडतो.

१९६४ आणि १९६५ ही त्याची वर्षं. शर्ली कॉलिन्स ही सरळ, पांढऱ्या धोतराइतक्या स्वच्छ आवाजात जुनी इंग्रजी गाणी गाणारी बाई. तिच्याबरोबर त्यानं ‘फोक रूट्स, न्यू रूट्स’ ही तबकडी केली. ती गाते ती गाणी शेकडो वर्षांपासून खेड्यापाड्यांत चालत आलेली, आणि हा मागं काय वाजवतो तर अरबी वळणं, ब्लूजची बेस, आणि त्याच तबकडीवर मध्येच एकटा बसून जॅझ पियानोवाल्या थेलोनियस मंकची ‘ब्लू मंक’. लगेच त्याच सुमाराला ‘फोक, ब्लूज अँड बियाँड’. त्याही आधी, १९६३ मध्ये, ‘शी मूव्ह्ड थ्रू द फेअर’ हे आयरिश गाणं त्यानं असं काही वाजवलं की त्याची जत्रा कुठल्या देशात भरलीय तेच कळू नये. पुढं जिमी पेजनं तेच बीज घेऊन ‘व्हाइट समर’ उगवली, आणि त्याच्या लेड झेपेलिन या बँडची ‘काश्मीर’ याच डॅडगॅडवर उभी आहे. आमच्या ऑर्केस्ट्रातली पोरं ‘काश्मीर’ वाजवतात. ग्रॅहमचं नाव त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं, पुतण्या सोडून.

सगळंच मला आवडलं असं नाही. त्याचं गाणं मला रुचत नाही. आवाज सपाट आहे, गाण्यात शिरायच्या आधीच तो वाक्य संपवून मोकळा होतो, आणि त्याला पुन्हा गिटारीकडं जायची घाई झालेली असते. १९६८ च्या ‘लार्ज ॲज लाइफ अँड ट्वाइस ॲज नॅचरल’वर राग म्हणून जे आहे ते आमच्या भागात राग म्हणून खपणार नाही. काही मिनिटांत राग ‘दाखवून’ मोकळं व्हायचं ही कल्पनाच इथल्या माणसाला झेपत नाही, ज्यानं रात्र रात्र बसून एकेका स्वराला वाट बघत ऐकलंय. गिटारच्या पट्ट्या ठोकलेल्या असतात, मींड म्हणून तार ओढली तरी ती किती ओढणार. तरी त्या तुकड्यांत नक्कल नाही. सतार असल्याचं सोंग तो आणत नाही, आणि त्या काळात तिकडं असं सोंग आणणारे पैशाला पासरी होते.

पुतण्याला गिटार शिकवली ती कॅम्पातल्या एका गोवेकर सरांनी. त्यांच्याकडं चर्चची गाणी, मांडो, जुनी हिंदी गाणी आणि वाल्ट्झ हे सगळं एकाच वहीत, एकाच अक्षरात. आमच्याकडून लोंढा, कॅसलरॉक करत घाट उतरला की गोवा, त्यामुळं गोव्याची वाद्यं आणि माणसं इथं कधी परकी नव्हती. सरांनीच पुतण्याला अमान्सिओ डिसिल्वाचं नाव सांगितलं. जन्म मुंबईचा, आईवडील गोव्याचे, आणि १९६७ मध्ये लंडनला गेलेला हा जॅझ गिटारवाला. १९६९ मध्ये सॅक्सोफोनवाल्या जो हॅरियटबरोबर त्यानं ‘हम दोनो’ केली. १९७२ मध्ये ‘कोंकण डान्स’ ध्वनिमुद्रित झाली, तबल्यावर केशव साठे, सतारीवर क्लेम आल्फर्ड, सॅक्सोफोनवर डॉन रेंडेल. ती बाजारात यायला २००६ उजाडलं, तोवर डिसिल्वा जाऊन दहा वर्षं झाली होती. लंडनमध्ये एकाच काळात एक इंग्रज पूर्वेकडं तोंड करून बसलेला आणि एक गोवेकर आपलं कोकण जॅझमध्ये शोधत बसलेला. मला विचाराल तर दोघांत डिसिल्वाचं काम जास्त कठीण होतं. बाहेरून बघणाऱ्याला आपलं संगीत नवलाचं वाटतं, आपल्या माणसाला त्यातलं नवल पुन्हा शोधावं लागतं. पण हे विषयांतर झालं.

अष्टपैलू म्हणतात ना, तसे आमच्याकडं ढीगभर आहेत. गणपतीत अकरा दिवस गिटार गळ्यात अडकवून पोरं गल्लोगल्ली फिरतात. लावणी वाजवतात, राजकुमारची कानडी गाणी वाजवतात, हिंदी तर काय, शेवटी भैरवीला ‘हे सुरांनो’ टाइप काहीतरी. हळदीला वाजवतात, डिसेंबरात कॅम्पात कॅरोल्सना वाजवतात. एक पोरगा मला म्हणाला, काका, पाकीट बघून स्केल ठरतंय बघा. हे पोटाचं अष्टपैलूत्व आहे आणि त्याला नावं ठेवायचा अधिकार मला नाही. पण गेल्या वर्षी पुतण्याच्या ऑर्केस्ट्राला एक नोव्हेंबरची सुपारी आली. कर्नाटक राज्योत्सवाची. चन्नम्मा चौकाकडं जाणाऱ्या मिरवणुकीतला चित्ररथ, त्यावर स्टेज, पैसे नेहमीच्या दुप्पट. आमच्या घरात त्या दिवशी सकाळी माझे थोरले भाऊ बेळगाव महाराष्ट्रात नाही म्हणून दंडाला काळी फीत बांधून सायकल फेरीला निघतात, आमचे वडील निघायचे तसेच. भावानं पोराला एवढंच विचारलं, ‘जाऊलास?’ वहिनी आत भांडी आपटत होती. पोरगं म्हणालं, गाणं गाणंय बाबा, राजकुमारचं गाणं मला आवडतं. भाऊ म्हणाले, मलाबी आवडतं. त्यानंतर जे बोलणं झालं ते इथं लिहिणार नाही. पोरगं गेलं की नाही हेही सांगत नाही, कारण जे सांगेन त्यावरून वाचणारा आमच्या घराला कशात तरी बसवून टाकेल.

एवढं मात्र तेव्हापासून मनात आहे की या पोरांच्या चार प्रकारांत आणि ग्रॅहमच्या चार प्रकारांत फरक आहे, आणि तो हाताच्या तयारीचा नाही. आमची पोरं हातानं कुणाला हार जाणार नाहीत. गाणं बदललं की ती सगळंच बदलतात, टोन बदलतात, पेडल बदलतात, शर्टसुद्धा. ग्रॅहम काहीच बदलत नाही. आयरिश गाणं असो, मंक असो, टँजियर असो, खाली तोच खर्ज धरून ठेवलेला, आणि येईल त्याला त्याच जमिनीवर उभं करायचं. ज्यात ते उभं राहत नाही ते सोडून द्यायचं. कॉर्डची भरगच्च श्रीमंती त्यानं सोडली, गंधार मोकळ्या तारांतून काढून टाकला. मोठ्या जॅझवाल्यांना जी वळणं सहज येतात त्यांतली कितीतरी डॅडगॅडमध्ये येतच नाहीत, हे पुतण्यानंच मला वाजवून दाखवलं. बोटं अडकतात.

हे सगळं घोळत असताना सुळेभावी आठवणारच. रेल्वेनं मिरजेकडं निघालात की सांबऱ्यानंतरचं छोटं स्टेशन. कुमार गंधर्व तिथले, १९२४ चा जन्म. लहानपणी नकला करून थक्क करणारा मुलगा, ज्याच्या गळ्यातून कुणाचंही गाणं निघायचं, म्हणजे अष्टपैलूपणाचा कळसच. मग क्षय झाला, देवासला पडून राहावं लागलं, गाणं बंद. खिडकीतून माळव्यातल्या बायकांची गाणी कानावर यायची. त्यातून धुनउगम राग आले, आणि १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ हे पुस्तक छापून आलं. ‘फोक, ब्लूज अँड बियाँड’च्या काळातच. कुमारांनाही नेमके कशातले हे विचारणारे होते, ग्वाल्हेर घराण्याचे की गुरू देवधर मास्तरांचे की स्वतःचेच. पण त्यांच्या पाठीशी श्रोते होते, शिष्य होते, ऐकून भांडणारे लोक होते. आपल्याकडं भांडायला का होईना, माणसं बसतात. ग्रॅहमच्या बाबतीत लोक त्याच्याकडून एकेक गोष्ट उचलून आपापल्या वाटेनं गेले. एकानं ‘अँजी’ नेली, एकानं जुळणी नेली, एकानं आयरिश गाण्याचा तो घाट नेला.

आता त्याची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. साठच्या दशकाच्या शेवटाला त्याचा ऑस्ट्रेलियाचा दौरा ठरला होता. विमान मुंबईला तासाभरासाठी थांबलं. याचं मन फिरलं, उतरला, आणि पुढचे सहा महिने भारतात हिंडत राहिला. ऑस्ट्रेलियातले आयोजक बोंबलत बसले असतील. आमच्याकडं सुपारी घेऊन न जाणाऱ्या कलाकाराला काय म्हणतात ते मी लिहायला नको. करिअर म्हणून बघितलं तर हा शुद्ध आत्मघात, आणि तरी मला त्या माणसाचा हेवा वाटतो. माझी एक हौशी कल्पना आहे. तेव्हा पुण्याहून इकडं मीटरगेज होती, गोव्याला जायचं तर मिरज, बेळगाव, लोंढा करत जायचं. त्या काळात गोव्याकडं निघालेले गोरे याच गाडीत खचाखच भरलेले असायचे. त्यांतल्या एकाच्या पायापाशी गिटारची पेटी आहे. सुळेभावीला गाडी क्रॉसिंगला थांबलीय, आणि फलाटावर एक जोगता चौंडकं काखेत मारून डब्याडब्यातून फिरतोय. पुरावा शून्य. पण कल्पना करायला तिकीट लागत नाही.

पुढचं मात्र कल्पनेत घेण्यासारखं नाही. जॅझमधल्या आपल्या दैवतांसारखं जगायचं म्हणून तो हेरॉइनच्या नादी लागला, असं त्याच्याबद्दल नेहमी सांगतात. सत्तरच्या दशकात तबकड्या विरळ झाल्या. १९७८ ची एक आहे, तिचं नाव ‘द कम्प्लीट गिटारिस्ट’, आणि ती येईपर्यंत त्याला विचारणारे जवळजवळ उरले नव्हते. शिकवण्या करायचा, भाषा शिकायचा. म्हातारपणी काही जुन्या लोकांनी शोधून त्याला पुन्हा स्टेजवर बसवलं, २००७ मध्ये ‘ब्रोकन बिस्किट्स’ आली. १५ डिसेंबर २००८ ला फुप्फुसाच्या कॅन्सरनं गेला. १९५९ मध्ये केन रसेलनं बीबीसीसाठी गिटारच्या वेडावर एक फिल्म केली होती, त्यात तो दिसतो. कोवळा पोरगा, ‘क्राय मी अ रिव्हर’ वाजवतोय, मान खाली, आणि बोटं असली विश्वासू की त्यांच्याकडं बघायचीही त्याला गरज वाटत नाही. ते बघून मग शेवटच्या वर्षांतलं त्याचं वाजवणं ऐकू नये. मी ऐकलं. बोटं जड झालीत, सूर कधी लागतो, कधी नुसता स्पर्श होतो. त्यातही मध्येच एक जागा अशी येते की चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा माणूस दार उघडून डोकावून जातो. एवढ्यासाठी ते ऐकावं का? मला अजून ठरवता आलेलं नाही.

अण्णांना मी हे सगळं सांगितलं नाही. त्यांना हेरॉइनपर्यंत सांगितलं असतं तर त्यांनी पुढचं ऐकलं नसतं, आणि ‘बघ, म्हणून एका ठिकाणी बसावं’ असं म्हणाले असते. ते पूर्ण चूक आहे असंही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. एका ठिकाणी बसलेल्याला निदान पडायला अंथरूण असतं, शिष्य पाय चेपतात, गावात पुण्यतिथी होते.

सध्या घरात दुसरंच चाललंय. पुतण्यानं धारवाडला एका गुरुजींकडं जाऊन गाणं शिकायचं काढलंय. खर्ज धरायचा तर तो गळ्यातून धरून बघायचा, असं त्याचं म्हणणं, आणि हे त्याला कुणी सुचवलेलं नाही. गुरुजींनी ऐकून घेतलं, दोन यमनच्या ओळी म्हणायला लावल्या, आणि अट घातली की दोन वर्षं गिटारीला हात लावायचा नाही. भाऊ खूष, राज्योत्सवाचा प्रश्न परस्पर मिटला म्हणून. वहिनी नाराज, कारण घरात येणारी पाकिटं थांबणार. मला विचारलं तेव्हा मी ग्रॅहमची गोष्ट सांगितली, मुंबईत उतरला ती पण आणि नंतरची पण. पोरानं सगळं नीट ऐकलं, गिटारच्या पेटीचं बक्कल दोनदा लावलं-काढलं, आणि म्हणालं, ‘गुरुजींना एक विचारायचं राहिलं काका. दोन वर्षं म्हणजे मधला गणपती धरून काय, सोडून?’